कॉपीराइटची तक्रार २१ दिवसांत विरून जाऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वापरकर्त्यांना स्वतःचे प्रोफाइल उघडून त्यावर छायाचित्रे, चित्रे, गाणी टाकू देणाऱ्या संकेतस्थळांवर दुसऱ्याची कलाकृती आपल्या नावाने खपवली जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. मूळ कलावंताने रीतसर तक्रार केल्यावर पुढे काय होते, याची मात्र फारशी चर्चा होत नाही.

माझी भाची व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्या काढते. दिवाळीतील प्रदर्शनात मांडलेल्या रांगोळीचे तिनेच टिपलेले छायाचित्र, कोपऱ्यातली सही तेवढी कापून, एका अनोळखी व्यक्तीने स्वतःच्या प्रोफाइलवर लावले आणि त्याच्या जोरावर ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. तक्रार केल्यावर संकेतस्थळाने आधी नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले. वास्तविक आपल्याकडे कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. कलाकृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. मूळ फाइल पाठवल्यावर ते छायाचित्र हटले खरे, पण मुदत संपताच, तिला एका ओळीनेही न कळवता, पुन्हा झळकू लागले.

ही मुदत कायद्यातलीच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये २०१२ साली झालेली दुरुस्ती आणि २०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ यांनुसार, लेखी तक्रारीत तथ्य वाटल्यास संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून द्यायचा असतो. मोठ्या संगीत कंपनीला हे जमते, कारण तिच्या पदरी वकिलांची फौज असते. पण घरगुती ऑर्डरींवर चार पैसे मिळवणाऱ्या मुलीने तीन आठवड्यांत दावा दाखल करून आदेशही मिळवावा, ही अपेक्षाच अन्यायकारक आहे.

शिवाय आदेश न आल्यास मजकूर पुन्हा खुला करण्याची संकेतस्थळाला केवळ मुभा आहे, तशी सक्ती नाही. म्हणजे तक्रार येताच मजकूर टाकणाऱ्याकडून लेखी खुलासा मागवावा आणि तो आला नाही तर मजकूर बंदच ठेवावा, एवढे संकेतस्थळांना आजही करता येईल. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात जवळपास हीच पद्धत आहे: मजकूर टाकणाऱ्याने नाव-पत्त्यासह तक्रारीला हरकत घेतली, तरच तक्रारदारावर न्यायालयात जाण्याची वेळ येते.

खोट्या तक्रारींचा धोका मला मान्य आहे. म्हणूनच एका चित्रासाठी संपूर्ण प्रोफाइल बंद करणे चुकीचे आहे, आणि ज्याचा मजकूर रोखला त्याला कारण कळलेच पाहिजे. प्रवेश रोखल्याचे कारण दाखवणे नियम ७५ नेही बंधनकारक केले आहे. तक्रारही नेमकी हवी. सुपर कॅसेट्स ही संगीत कंपनी विरुद्ध मायस्पेस हे संकेतस्थळ या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये स्पष्ट केले की, आपल्या मालकीच्या कृतींची सरसकट यादी देणे पुरेसे नाही. कोणती कृती नेमकी कुठे आहे, हे दाखवावे लागते. तेव्हा कलावंतांनी त्या पानाची लिंक, तारखेसह स्क्रीनशॉट आणि मूळ फाइल जपून ठेवून संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखीच दाद मागावी.

केंद्र सरकारने नियम ७५ मध्ये खुलाशाची ही पायरी घालावी आणि मजकूर पुन्हा खुला करण्यापूर्वी तक्रारदाराला कळवणे सक्तीचे करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपली,
एक वाचक, मिरज