स्टुडिओची किल्ली

सांगली, रविवार

चि. सावनी,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, डीन झाले तर माझं काम संपेल का?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी घाईघाईने "छे, छे" म्हणून मोकळा झालो. चार दिवस ते मनाला लागून राहिलंय. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो.

आधी माझं सांगतो. मी प्राचार्य झालो तेव्हा कॉलेजात जिन्याखालची एक खोली चित्रं काढायला माझ्याकडे होती. पहिल्याच वर्षी तपासणी समिती यायची होती आणि फायलींच्या कपाटांना जागा नव्हती. शिपाई किल्ली मागायला आला, मी ती काढून दिली. समिती येऊन गेली, कपाटं तिथंच राहिली. अकरा वर्षांनी निवृत्त होताना खोली उघडली तर ट्यूबमधले रंग दगड झाले होते. मला कुणी बळजबरी केली नव्हती. ती किल्ली मीच दिली, आणि त्याचं दुःख मला आजही आहे.

पण माझं काम एकट्याचं होतं, तुझं तसं नाही. प्रोजेक्टर, कॅमेरे, अंधारा हॉल, कोड लिहिणारी मुलं आणि मुख्य म्हणजे येऊन हात-पाय हलवणारा प्रेक्षक, एवढं जमल्याशिवाय तुझी कलाकृती उभीच राहत नाही. ही सगळी सामग्री एका ठिकाणी असते ती विद्यापीठातच. म्हणून मला वाटतं, तुझ्या कलेचं आणि खुर्चीचं मुळात वैर नाही.

आईला घेऊन हंपीला गेलो होतो, आठवतंय? तेव्हा जवळच तोरणगल्लूला कलाधाम हे कलाकेंद्रही पाहिलं. आपण फिरत्या चौथऱ्यावर उभं राहायचं, भोवती गोल पडदा, डोळ्यांना चष्मा. आपण वळवू तिकडे चौथरा वळतो आणि समोर हंपीचे दगड, मंडप उभे राहतात, मध्येच देवही हलू लागतात. आईने हात पुढे करून खांबाला शिवायचा प्रयत्न केला. ते काम सारा केंडरडाइन आणि जेफ्री शॉ यांचं, २००६चं. हे शॉ म्हणजे १९८९मध्ये जागेवर रोवलेली सायकल मांडणारे. आपण पायडल मारायचं आणि पडद्यावर अक्षरांच्या इमारतींमधून, वाचत वाचत, शहर फिरायचं. १९९१पासून त्यांनी जर्मनीत कार्ल्सरूहच्या माध्यमकला केंद्रातली संस्था उभारली, मग सिडनीच्या विद्यापीठात संशोधन केंद्र चालवलं, आणि २००९ ते २०१५ हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीत ते डीन होते. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेतली भित्तिचित्रं प्रेक्षकाभोवती उभी करणारं त्यांचं आणि केंडरडाइनचं काम २०१२चं, म्हणजे डीनपदावर असतानाचं. या माणसाने किल्ली दिली नाही. उलट संस्थेलाच स्टुडिओ केलं.

दुसरं उदाहरण कॉम्प्युटरवर कला करणाऱ्या अमेरिकेतल्या जॉन माएदांचं, आणि ते मला जास्त बोचतं. त्यांच्या वडिलांचं सिएटलमध्ये टोफूचं दुकान होतं. शिक्षकांनी वडिलांना सांगितलं, मुलगा गणितात आणि चित्रकलेत हुशार आहे. दुकानात गिऱ्हाइकाला सांगताना वडील फक्त म्हणाले, गणितात हुशार आहे. हे वाचलं आणि मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तुला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींत ए ग्रेड मिळाली होती, आणि मी, चित्रकलेचा मास्तर असून, वाड्यात सगळ्यांना सांगत राहिलो की सावनी कॉम्प्युटरमध्ये आहे. माफ कर मला.

माएदांनी पडद्यावर आवाजाला प्रतिसाद देणारे चौकोन केले. एमआयटीत त्यांच्या हाताखालच्या केसी रीझ आणि बेन फ्राय या विद्यार्थ्यांनी २००१मध्ये 'प्रोसेसिंग' हे कोड लिहून चित्रं काढायचं साधन सुरू केलं, ज्यावर तू पहिल्यांदा गोल काढायला शिकलीस. पुढे २००८मध्ये माएदा ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे अध्यक्ष झाले, आणि २०११मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव केला. २०१३पर्यंत ते पदावर होते. चूक कुणाची, हे मी सांगलीत बसून ठरवणार नाही. पण पडद्यावरचा चौकोन मनासारखा वागला नाही तर कोड बदलता येतो, वीस वर्षं शिकवत असलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याला आधी विचारावं लागतं, आणि पुष्कळदा थांबावंही लागतं.

तुला ते येतं, हे मी पाहिलंय. पुण्याच्या प्रदर्शनात तुझी ती उजेडाची रांगोळी होती. पाऊल पडलं की ठिपके जुळायचे. आजी काही केल्या आत येईना. "रांगोळीवर पाय कसा देऊ?" म्हणत ती कडेकडेनेच फिरली आणि तिच्यासाठी एकही ठिपका हलला नाही, कारण तुझा कॅमेरा फक्त आतलं बघत होता. तू तिला ओढून आत नेलं नाहीस. रात्री दोनपर्यंत जागून कॅमेऱ्याची हद्द वाढवलीस. दुसऱ्या दिवशी आजी कडेने चालली आणि रांगोळी तिच्या बाजूने फुलत गेली.

तेव्हा पद घे, माझी मनापासून संमती आहे. फक्त होकार देण्याआधी काही गोष्टी लेखी मागून घे. आठवड्याचा एक अख्खा दिवस, ज्या दिवशी कुठलीही मीटिंग लागणार नाही. एक हॉल आणि एक तंत्रज्ञ, तुझ्यासाठी आणि मुलांसाठीही. आणि तुझ्या कामावर राबणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव भिंतीवरच्या पाटीवर तुझ्या नावाइतक्याच अक्षरांत लाव. डीनला "नाही" म्हणणं मुलांना जमत नाही, त्यामुळे ही काळजी तुलाच घ्यावी लागेल. बाकी बजेट, भरती, समित्या यांचं तू निभावून नेशील.

आईने मेतकूट आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो.

आजी रांगोळीची आठवण काढते. ती पुन्हा मांडणार आहेस म्हटल्यावर यायचं म्हणते. तिला आता वॉकर लागतो. त्याचे चार पाय तुझ्या कॅमेऱ्याला कसे दिसतील, तेवढं बघून ठेव.

तुझे
बाबा