जिनिव्हात हात वर केला, मोहोर कधी?

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या जिनिव्हातल्या परिषदेने घरकामगारांसाठीचा करार क्र. १८९ संमत केला. भारत सरकारने बाजूने मत दिलं. नंतर सरकारं बदलली, मंत्री बदलले, करारावर आपली मोहोर, म्हणजे तो देशावर बंधनकारक करणारी अंतिम मंजुरी, मात्र उमटली नाही. फिलिपिन्सने ती २०१२ मध्येच उमटवली. तिथल्या बायकाही आपल्याकडच्यांसारख्या आखातात घरकामाला जातात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

२००७ मध्ये लायबेरियात संयुक्त राष्ट्रांसाठी फक्त महिलांचं पोलीस पथक पाठवणारा पहिला देश आपला. २०२३ च्या जी-२० मध्ये महिलांच्या नेतृत्वाखालच्या विकासाचा आग्रहही आपणच धरला. अभिमान आहेच. पण कुवेतमध्ये मालकाने पासपोर्ट काढून घेतलेल्या बाईसाठी आपला दूतावास भांडतो, तेव्हा त्याच्या हातात काय असतं? कागदपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा तिचा हक्क याच कराराच्या नवव्या कलमात आहे. तो करार आपणच स्वीकारलेला नाही, मग दाखला कोणत्या तोंडाने द्यायचा? त्यापेक्षा सोपा उपाय आपण शोधलाय: कमी शिकलेली बाई तिशीच्या आतली असेल, तर तिला आखातात कामाला जायलाच मनाई. दलाल तिला व्हिजिट व्हिसावर नेतोच.

आता आमच्या ठाण्याकडे या. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये सकाळी दिवा, कळवा, लोकमान्य नगरहून बायका येतात. गेटवर नोंद, जाताना पिशवीची तपासणी, लिफ्ट वेगळी. खाडा झाला की पगार कापला. रविवारी पाहुणे, म्हणून भांडी दुप्पट. एखाद्या घराने पैसे वाढवले की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज येतो, 'रेट बिघडवू नका.' (ग्रुपवर तासन्‌तास महिला दिनाच्या शुभेच्छा पाठवणारी मंडळी हीच.) करार आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती मागतो. एवढ्याने कुणाच्या घरातली चूल विझत नाही.

महाराष्ट्रात २००८ पासून घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कल्याणाचा. सुट्टीचं बंधन तो मालकावर घालत नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला सांगितलं, अहवालाला सहा महिने दिले.

आधी देशातला कायदा, मग करार, अशी आपली रीत आहे. ती चुकीची नाही. पण मग कायदा करा! समितीचं म्हणणं लोकांसमोर ठेवा, मसुदा संसदेत आणा आणि येत्या जूनमध्ये जिनिव्हात मोहोरेची तारीख सांगा.

मसुद्यावर हरकती मागवाल, तेव्हा आमच्यासारख्या सोसायट्यांकडून ढीगभर येतील. त्या जरूर वाचा, पण त्यांच्या नादाने आठवड्याची सुट्टी गाळू नका.

आपली,
घोडबंदर रोडवरची एक रहिवासी, ठाणे