साहित्य वाटप झाले. दुरुस्ती कोण करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिव्यांगांना साहित्य वाटपाच्या शिबिरांचे फोटो आपल्या दैनिकात दरवर्षी येतात. ओळीने उभ्या तीनचाकी सायकली, हारतुरे, भाषणे. साहित्य मिळते हे चांगलेच आहे. कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कारखान्यात तयार झालेली सायकल विकत घ्यायची म्हटली तर आमच्याकडच्या कोरडवाहू कुटुंबाला झेपत नाही. मला लिहायचे आहे ते शिबिरानंतरच्या पहिल्या पावसाळ्याबद्दल.

आर्णी तालुक्यात माझे वेल्डिंगचे दुकान आहे. वखर, डवरे, ट्रॉली, गेट हे रोजचे काम. त्याच दुकानात हळूहळू व्हीलचेअर, कुबड्या, तीनचाक्या यायला लागल्या, कारण लोकांनी त्या न्यायच्या तरी कुठे? बेअरिंग गेलेले असते, ब्रेकची तार तुटलेली असते, कुबडीचा रबर झिजून लोखंड उघडे पडलेले असते. पावसात ओल्या फरशीवर अशी कुबडी सटकली की चांगला पायही जायबंदी होतो. रबर अगदी किरकोळ किमतीचा, पण तालुक्याच्या बाजारपेठेत तो सहज मिळत नाही.

दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. एकदा साहित्य मिळाले की तेच साहित्य पुन्हा तीन वर्षे मिळत नाही असा तिचा नियम आहे. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची. नियमामागचे कारण समजते. पण सायकल पहिल्याच वर्षी मोडली तर उरलेली दोन वर्षे त्या माणसाने घरात बसून काढायची का? "सायकल भेटली भाऊ, पण पंचर काढायले कोनाच्या खांद्यावर नेऊ?" असे एका आजोबांनी मला विचारले होते. त्यांच्या गावात पंक्चरचे दुकान नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याला दिव्यांग साहित्याचे एक तरी दुकान हवे, आणि ते आपल्या आयटीआय झालेल्या पोरांनी काढावे. त्यांत दिव्यांग पोरे-पोरी असतील तर फारच उत्तम. नवीन माल विकण्यावर हे दुकान तगणार नाही, हे आधीच सांगतो. सरकार फुकट देते तिथे गरीब गिऱ्हाईक विकत का घेईल? दुकान चालेल ते दुरुस्तीवर, मापानुसार बदल करून देण्यावर आणि घरात लागणाऱ्या छोट्या वस्तूंवर.

बदल म्हणजे काय ते सांगतो. वाटपात येणारी साधी व्हीलचेअर दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर चालेल अशी असते. पुढची चाके लहान आणि बारीक. आमच्या काळ्या मातीत, पांदण रस्त्यावर ती चाके रुततात आणि खुर्ची तोंडावर पालथी होते. पुढचे चाक मोठे आणि रुंद लावले, थोडे पुढे सरकवून बसवले, की तीच खुर्ची शेताच्या धुऱ्यापर्यंत जाते. कुबडीचेही तसेच. वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटे खाली हवी, वजन तळहातावर यायला हवे. काखेवर भार टाकून चालले की नस दबून हाताला मुंग्या येतात, पुढे हात लुळा पडू शकतो. वाटपाच्या गर्दीत प्रत्येकाची उंची कोण बघतो?

घरातल्या वस्तूंमध्ये मागणी सर्वांत जास्त आहे ती संडासातल्या स्टुलाची. गावोगावी शौचालये झाली, पण भांडी सगळी खाली बसायची. ज्याचा गुडघा वाकत नाही, ज्याला लकवा झाला आहे, ज्याचा पाय कापला आहे, त्याने बसायचे कसे? पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्या आजारात कित्येकांचा खुबा तरुणपणीच निकामी होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे. अशा माणसासाठी भांड्यावर मांडायचा, मधे भोक असलेला लोखंडी स्टूल आणि भिंतीला एक पाइप एवढे पुरते. दुपारभराचे काम. असा स्टूल नेलेल्या एका माउलीने सांगितले की आपल्याला कोणी धरून न्यावे लागू नये म्हणून ती दिवसा पाणीच पीत नसे. या गोष्टी बायका पुरुष दुकानदाराजवळ बोलत नाहीत. अशा दुकानात एक तरी बाई असलीच पाहिजे.

बॅटरीवरच्या तीनचाकीचे काम ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या पोराला चांगले जमते. पावसाळाभर गाडी उतरलेल्या बॅटरीनिशी कोपऱ्यात उभी राहते आणि बॅटरी कायमची बसते. चार्जिंग कसे ठेवायचे हे घेताना नीट समजावले, तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत असे मला वाटते.

काही कामांना मात्र वेल्डरने हात लावू नये. कृत्रिम पाय, कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), कानाची मशीन ही भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या तज्ज्ञांचीच कामे. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला साध्या फळीवर बसवले तर त्याला कळायच्या आत जखम होते, आणि ती जखम जीवही घेते. योग्य गादी कोणती हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावे. कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेलेल्यांना एमसीआर म्हणजे खास मऊ रबराची चप्पल लागते, तीही पायाचे माप घेऊनच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत माप घेणे, बसवून बघणे, चालवायला शिकवणे हे येते, आणि शेवटची पायरी दुरुस्तीची. आपल्याकडचे वाटप अधल्यामधल्या पायऱ्यांवरच संपते.

पैशाचे म्हणाल तर मार्ग आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांग आणि महिला अर्जदार विशेष प्रवर्गात येतात. ग्रामीण भागात त्यांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा ५ टक्के. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत करता येतो. अडते ते बँकेत. माझ्या ओळखीच्या एका पोराला "अपंगांचे दुकान कोण चालवते?" असे म्हणून परत पाठवले. बँकेच्या साहेबांना गिऱ्हाईक दिसत नाही, कारण हे गिऱ्हाईक घराबाहेरच पडू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग नोंदले गेले. ते सगळे पुण्या-मुंबईत राहतात का?

आता शासनाकडे एक मागणी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा असा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाखेरीस घाईघाईत वाटून संपवतात. यातला ठरावीक भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि बिल थेट दुकानदाराला द्यावे, अशी लेखी सूचना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना मिळाली पाहिजे. तेवढी खात्री मिळाली तर बँकही कर्ज देईल आणि पोरगाही दुकान टाकायची हिंमत करेल. महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या आवारात दुरुस्तीला बसायची परवानगी दिली तर आणखी बरे. तीनचाकी तालुक्याला आणायचे गाडीभाडेच दुरुस्तीपेक्षा जास्त होते.

आपल्या वार्ताहरांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी गेल्या वर्षी या निधीचे काय केले याची माहिती काढून छापावी, ही विनंती. शिबिराच्या फोटोला जेवढी जागा देता तेवढी या माहितीला दिलीत तरी पुरे.

आपला,
एक वाचक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ