एक मिली चरबी

पुणे,
रविवार रात्र

प्रिय संज्या,

परवा फोनवर खो-खो हसलास, "पोटाची चरबी गालात भरता? मग माझी घेऊन जा, फुकट देतो!" ड्यूटीवर होतो म्हणून वाचलास. तुझी चालायची नाही लेका, इथे ज्याची त्यालाच लागते. पण सविस्तर लिहितो, कारण काल मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ते केलं, आणि थोडा घोळही घातला.

पेशंट बावीसेक वर्षांची मुलगी. पॅरी-रॉम्बर्ग नावाच्या आजारात चेहऱ्याची एक बाजू हळूहळू वाळत जाते. हिचा डावा गाल पार खोल गेलेला. आजार दोन वर्षं जागचा हललेला नाही, म्हणून आता भरायला घेतला.

चरबी काढणं त्यातल्या त्यात सोपं. पोटाच्या कातडीखाली सलाइन, जागा बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनलिन सोडून थांबायचं, म्हणजे रक्त कमी येतं. मग बोथट कॅन्युला (बारीक पोकळ नळी), १० मिलीची सिरिंज, आणि दट्ट्या अगदी बेताने मागे ओढायचा. हिसका दिला की पेशी फुटतात. मग मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ३ मिनिटं सेंट्रिफ्यूज, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून थर वेगळे करायचे. ही रीत न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी रुळवली. वर फुटलेल्या पेशींचं तेल, तळाला रक्तपाणी, मधे आमरसासारखी पिवळी, कामाची चरबी. तेल टिपायला सिरिंजच्या तोंडात कापसाची वात घालतात. मला आपली आजीची समई आठवली.

खरी गोम भरण्यात. उपटून आणलेल्या चरबीला रक्तपुरवठा नसतो. नव्या वाहिन्या फुटेपर्यंत ती आजूबाजूच्या रसावर जगते, आणि तो जेमतेम दीड-दोन मिलिमीटर आत पोचतो. गोळा बसवला तर मधला भाग मरतो. १८९३ साली जर्मनीत नॉयबर नावाच्या सर्जनने दंडाची चरबी डोळ्याखालच्या खड्ड्यात बसवली, त्यालाही लहान तुकडेच टिकताना दिसले. म्हणून १ मिलीची सिरिंज, आणि कॅन्युला मागे घेता घेता एका फेरीत दशांश मिलीहूनही कमी पेरायचं. भाताची लावणी कर म्हटलं तर तू माझ्याआधी शिकशील.

माझा दट्ट्या अडकला. मी जोर लावला, आणि अर्धा मिली भस्सकन एकाच जागी! गालावर चक्क टेंगूळ. मॅडमनी बोटाने चेपून ते पसरवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अडलं की बाहेर काढायचं, कॅन्युला बदलायची. भुवयांमध्ये असतास आणि टोक धमनीत असतं, तर मुलीचा डोळा गेला असता." त्यापुढे माझा अंगठा इतका थरथरत होता की उरलेलं त्यांनीच भरलं.

आज गाल सुजलाय. भरलेल्यातलं बरंच विरघळणार, काही महिन्यांनी पुन्हा भरावं लागेल. तिला सांगितलं, वजन सांभाळ, ही चरबी गालात गेली तरी पोटाचीच आहे. "म्हणजे मी जाड झाले की एकच गाल फुगणार?" म्हणाली, आणि हसायला गेली तर टाके ओढले.

सहाला राउंड आहे, त्याआधी जाऊन ते टेंगूळ एकदा चाचपून येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या