तीस दिवसांचा पासवर्ड आणि न वाचलेली टीप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सायबर सुरक्षेच्या सदरात दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचा सल्ला वाचला. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारे सर्व्हर सांभाळणे हेच माझे काम असल्याने त्याबद्दल लिहीत आहे.

लिनक्समध्ये ‘लॉगिन डॉट डेफ्स’ नावाची फाइल असते. पासवर्ड किती दिवस चालावा, हे सांगणाऱ्या तिच्यातील ओळीत मुळात ९९९९९ हा आकडा असतो, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे! ऑडिटच्या धास्तीने कार्यालये तिथे तीस लिहितात. मग कीबोर्डखाली चिठ्ठी सापडते. शब्द तोच, शेवटचा ०७ खोडून ०८ केलेला. पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये, असे अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ सालीच सांगितले आहे.

खरी महत्त्वाची ओळ त्याच फाइलमध्ये खाली असते. पासवर्डचा हॅश, म्हणजे साठवून ठेवायचे सांकेतिक रूप, कोणत्या पद्धतीने करायचा, हे ती ठरवते. पद्धत कच्ची असली की काय होते, ते पाहा. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या सोर्स कोडमध्ये पासवर्डांच्या हॅशची फाइलही राहून गेली होती. तिच्यातील, युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांचा पासवर्ड २०१९ मध्ये उलगडला, तेव्हा ती बुद्धिबळातली चाल निघाली: वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे, वर उद्गारचिन्ह. पासवर्ड सहज सुचण्यासारखा नव्हता; पण डीईएस या कूटलेखनाच्या मानकावर आधारलेली ती जुनी हॅशची पद्धत पहिली आठच अक्षरे विचारात घेई आणि आजच्या यंत्रांपुढे तिचा टिकाव लागत नाही.

हॅशची पद्धत ठरवणाऱ्या या ओळीच्या वर, ही निवड ‘पॅम’च्या, म्हणजे लॉगिन आणि पासवर्डचे काम पाहणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या, मांडणीशी जुळती ठेवावी, अशी टीप प्रोग्रामरांनी लिहून ठेवली आहे. मी ती एकदा वाचलीच नाही. फाइलमध्ये एसएचए-५१२ ही मजबूत पद्धत लिहून निर्धास्त झालो आणि महिनाभराने पाहतो, तर नव्या पासवर्डांचे हॅशही ‘डॉलर एक डॉलर’नेच सुरू होत होते, म्हणजे एमडी५ ही जुनाट पद्धत! पासवर्ड बदलणारी कमांड या फाइलचे नव्हे, पॅमचेच ऐकत होती.

पद्धत सुधारल्यावर मात्र प्रत्येकाला एकदा पासवर्ड बदलायला लावणे भागच असते, कारण जुना हॅश आपोआप नवा होत नाही. सदराच्या पुढच्या भागात दरमहाच्या बदलाऐवजी या एकदाच्या बदलाविषयी लिहावे, ही विनंती.

आपला,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, पुणे