सूचना : शनिवारच्या सत्रातील प्राणी-वर्गीकरणाचा खेळ

नाशिकमधील आपल्या बालवाडी शिक्षिका गटाच्या सर्व सदस्यांना स्मरण देण्यात येते की, शनिवारच्या सत्रासाठी प्रत्येकीने प्राण्यांची 12 चित्रे आणि दोन वर्तुळे मांडता येतील एवढी सुतळी आणावी. चित्रांत नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातील रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक हे पक्षी असल्यास उत्तम. मुलांनी आधी पाय, पिसे, खवले किंवा राहण्याची जागा पाहून आपापल्या निकषाने चित्रे लावावीत. आपण केवळ ‘हा इथे का?’ एवढेच विचारावे, उत्तर सुचवू नये. जमीन आणि पाणी ही वर्तुळे एकमेकांत गुंफल्यास बेडकाची जागा मुलांनाच सापडते. वटवाघूळ मात्र विसरू नये, कारण ते उडत असले तरी पिलांना दूध पाजते, आणि खरा वाद (आपल्यातही) तिथेच रंगतो.