जुन्या गाडीचा टायर निवडताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या निगेबद्दल हल्ली बरेच छापून येते. रंगाची छटा, बैठकांचे कातडे, क्रोमच्या पट्ट्या यांवर भरभरून लिहिले जाते. टायरच्या मापाचा प्रश्न मात्र ‘रिम पंधरा इंची, तर टायरही पंधरा इंची’ एवढ्यावर निकालात निघतो. हा समज किती महागात पडतो, याचा अनुभव मी घेतला आहे.

माझ्याकडे १९६०च्या दशकातील फोक्सवॅगन बीटल आहे. तिच्या टायरचे मूळ माप ५.६०-१५, म्हणजे ५.६० इंच रुंदी आणि पंधरा इंची रिम. एका दुकानात मला ‘पंधरा इंचीच आहेत’ असे सांगून १६५/६५ आर १५ मापाचे (रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल, रिम पंधरा इंची) टायर बसवून दिले गेले आणि मीही चौकशी न करता ते घेतले. पुढे संशय आल्यावर टायरवर खडूची रेघ मारून गाडी एक फेरी पुढे ढकलली आणि अंतर टेपने मोजले, तेव्हा ते जेमतेम १.८२ मीटर भरले. कारण साधे आहे: मूळ मापाशी जुळणाऱ्या १६५/८० टायरचा व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर असतो, तर १६५/६५चा ५९५. म्हणजे गाडी २५ मिलिमीटर खाली बसली होती, इंजिन विनाकारण जास्त फिरत होते आणि काटा ६० दाखवी तेव्हा वेग प्रत्यक्षात ५५च्या आसपास असे.

जुन्या टायरवर रुंदी इंचांत लिहीत, पण उंचीचे प्रमाण लिहीतच नसत. ते ९० टक्क्यांच्या आसपास असल्याचे गृहीत असे. म्हणून ५.६० इंचांचे सरळ १४२ मिलिमीटर करून १४५चा रेडियल (आतील धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असलेला टायर) घेणाराही फसतो, कारण त्याची उंची कमी पडते. रुंदीपेक्षा एकूण व्यास जुळवायला हवा. त्याहून जुन्या गाड्यांत तर आकड्यांचा अर्थच निराळा आहे. फोर्ड मॉडेल टीच्या ३० × ३½ या मापातील ३० हा टायरचा बाहेरचा व्यास आहे. रिम २३ इंची असते. सित्रोएनच्या ट्रॅक्शन अव्हांवरील १६५-४०० मधले ४०० मिलिमीटर म्हणजे पावणेसोळा इंच; त्यावर सोळा इंची टायर चढवण्याचा प्रयत्न कुणीही करू नये.

रुंद टायर लावून गाडी ‘भारदस्त’ करण्याची हौसही मला पटत नाही. रिमची रुंदी टायरच्या रुंदीच्या साधारण ७० ते ७५ टक्के असावी लागते आणि जुने रिम अरुंद असतात. त्यावर रुंद टायर फुगतो, वळणावर डुलतो, पूर्ण वळवलेले चाक मडगार्डला घासते आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत सुकाणू हलवताना खांदे भरून येतात.

रेडियल आणि जुन्या पद्धतीचे, आतील धागे एकमेकांना तिरके छेदणारे क्रॉस-प्लाय टायर एकाच आसावर कधीही मिसळू नयेत. तारांच्या चाकांना सहसा ट्यूब लागतेच, आणि ती टायरच्या प्रकाराला साजेशी हवी. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असेही मानू नये. २००० सालापासून बाजूवरील चार आकडी सांकेतिक क्रमांकात निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. वर्षाकाठी थोडेच अंतर चालणाऱ्या आमच्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून हे चार आकडे पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

माझी विक्रेत्यांना विनंती आहे की, जुनी गाडी दारात आली की रिमवर टेप लावण्याआधी मालकाकडे गाडीची मूळ पुस्तिका मागावी. मी पुस्तिका पाहून १६५/८० आर १५ बसवून घेतले. खडूची रेघ आता १.९६ मीटरवर पुन्हा जमिनीला टेकते.

आपला नम्र,
एक वाचक